नाग नदीच्या काठाने रविवारी पायदळ फिरताना नेमके काय पाहावे आणि काय टिपून ठेवावे?

प्रश्न: शिक्षिका, प्रतापनगर

सर्वांना नमस्कार. मी प्रतापनगरात राहते आणि माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्या लागल्यापासून आमच्या वसाहतीतील बारा-चौदा जण दर रविवारी सकाळी कुठे ना कुठे पायदळ फिरायला जातो. त्यांत चार शाळकरी मुले आहेत आणि साठी ओलांडलेले दोघे आहेत. फुटाळा, गोरेवाडा आणि अंबाझरीचे जैवविविधता उद्यान पाहून झाल्यावर मागच्या रविवारी नाग नदीच्या काठाने जायचे ठरले, कारण ज्या नदीवरून नागपूर शहराला नाव मिळाले तिच्या काठाने आपण कधी सलग चाललोच नाही, हे आमच्यापैकी प्रत्येकाने कबूल केले. उन्हाच्या आत परतायचे म्हणून साडेपाचला अंबाझरीच्या बांधावरून निघालो. जिथे काठाला वाट होती तिथे काठाने आणि जिथे भिंती आडव्या आल्या तिथे गल्ल्यांतून वळसा घेत पंचशील चौकाच्या पुलापर्यंत पोहोचायला सव्वादोन तास लागले.

बांधावर उभे राहून मी मुलांना सांडवा दाखवला आणि सांगितले की नाग नदी येथून सुरू होते. तलाव भरला की पाणी या सांडव्यावरून नदीत पडते. सांडवा त्या वेळी पूर्ण कोरडा होता, दगडांवर शेवाळ वाळून पांढरे पडले होते. पुढे एका पुलावर थांबलो तेव्हा खाली राखाडी पाण्याचा चांगला रुंद प्रवाह होता. सातवीतल्या एका मुलीने विचारले, “मॅडम, तलावातून पाणी येत नाही, महिनाभर पाऊस नाही, मग हे वाहते आहे ते कुठून आले?” मी “सांडपाणी आहे” एवढेच उत्तर दिले आणि पुढे चालू लागले. घरी आल्यावर मला त्या उत्तराचे फार वाईट वाटले, कारण ते पाणी कोणत्या वाटेने, कोणत्या ठिकाणी नदीत शिरते हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हते आणि दोन तास काठाने चालूनही मी ते पाहिले नव्हते.

म्हणून जाणकारांना विचारते. उन्हाळ्यात नदीत येणारे हे पाणी प्रत्यक्षात कुठून येते आणि चालता चालता ते ओळखायचे कसे? मुलांना आणि वयस्कांना घेऊन जाता येईल असे पुढचे टप्पे कोणते? शिवाय, आम्ही सोबत पोती नेली होती आणि एका ठिकाणी तासभर प्लास्टिक वेचले. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना पाहिले तर ती जागा पुन्हा तशीच भरलेली होती. असे वेचण्याचा उपयोग आहे, की आमच्यासारख्यांनी दुसरे काही करावे? नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागण्याआधी दोन-तीन रविवार आमच्या हाताशी आहेत.

उत्तर १: निवृत्त अभियंता, नरेंद्रनगर

ताई, तुमच्या विद्यार्थिनीने विचारले तोच प्रश्न नदीकाठी विचारायचा पहिला प्रश्न आहे. माझी बरीच वर्षे सांडपाण्याच्या वाहिन्यांच्या कामात गेली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पाणीपुरवठ्याचे नियोजन करताना माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन घराबाहेर पडते असे मानतात. एक हजार घरांचा लेआउट घ्या आणि घरात चार माणसे धरा. त्या एका लेआउटमधून रोज सव्वाचार लाख लिटरहून अधिक सांडपाणी निघते. पाऊस पडो न पडो, हा प्रवाह एक दिवसही थांबत नाही. तुम्ही पुलावरून पाहिलेली उन्हाळ्यातली नाग नदी म्हणजे अशा शेकडो वस्त्यांची मोरी आहे.

आता हे पाणी नदीत शिरते कसे, ते पाहू. शहरात दोन वेगळी जाळी असतात, किंवा असायला हवीत. एक पावसाळी नाल्यांचे, ज्यांनी केवळ पावसाचे पाणी नदीत आणून सोडायचे. दुसरे गडर लाइनचे, ज्यांनी घरातले सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापर्यंत न्यायचे. गडर लाइन उताराने वाहते आणि शहरातली सर्वांत सखल जागा म्हणजे नदीचे पात्र, म्हणून मुख्य वाहिन्या बहुतेक वेळा नदीच्या काठाकाठानेच टाकलेल्या असतात. या दोन जाळ्यांची सरमिसळ मुख्यतः तीन प्रकारे होते. पहिला प्रकार असा की, गडर लाइनमध्ये प्लास्टिक, चिंध्या आणि बांधकामाचा मलबा अडकून ती चोक होते आणि चेंबर उसळून सांडपाणी जवळच्या नालीत किंवा थेट पात्रात उतरते. दुसरा असा की, घर बांधताना किंवा वाढवताना कोणी तरी न्हाणीचा पाइप सोयीचा म्हणून पावसाळी नालीला जोडून देतो; रस्ता एकदा डांबरी झाला की ती जोडणी कोणाला दिसत नाही. तिसरा प्रकार गुंठेवारीतल्या लेआउटचा. तिथे गडर लाइन पोहोचण्याआधी घरे झाली, सेप्टिक टँक बांधले गेले आणि त्यांतून वाहून येणाऱ्या पाण्याला मोकळ्या नाल्याशिवाय दुसरी वाट राहिली नाही.

ओळखण्याचा नियम यातूनच निघतो आणि तो सातवीतल्या मुलांना सहज कळेल असा आहे. मे महिन्यात पावसाळी नाल्याचे मुख कोरडेच असले पाहिजे. ते वाहत असेल, तर त्यात नको ते पाणी आहे. त्यामुळे फिरण्यासाठी तुम्ही नकळत वर्षातला सर्वांत योग्य महिना निवडला आहे. पावसाळ्यात सगळीच मुखे वाहतात आणि खरे-खोटे वेगळे करता येत नाही.

एक टप्पा ठरवा, दोन पुलांमधला, अर्ध्या-पाऊण किलोमीटरपेक्षा मोठा नको. त्या टप्प्यात दोन्ही काठांनी नदीत उघडणारे प्रत्येक पाइप आणि प्रत्येक नाली मोजा, क्रमांक द्या आणि मोबाइलवर छायाचित्र काढा. छायाचित्रासोबत जागेची नोंद राहील असे पाहा. प्रत्येक मुखासमोर लिहा: कोरडे, ठिबकते की वाहते, पाण्याचा रंग कसा, साबणाचा फेस आहे का, वास कसा. कुजक्या अंड्यांसारखा वास आणि तळाला काळा थर असेल, तर त्या पाण्यातला प्राणवायू संपलेला आहे असे समजावे. शक्य झाल्यास त्याच मुखापाशी एकदा पहाटे सहाच्या आधी आणि एकदा साडेआठच्या सुमारास जा. घराघरांत आंघोळी, धुणी-भांडी आटोपण्याच्या वेळी प्रवाह वाढत असेल, तर तो घरांतून येतो याबद्दल शंका उरत नाही. दिवसभर एकाच धारेने, स्वच्छ आणि विनावासाचे पाणी येत असेल, तर ते कदाचित फुटलेल्या जलवाहिनीचे असेल; तेही कळवण्याजोगेच आहे, कारण ते पिण्याचे पाणी आहे.

प्लास्टिकबद्दल माझे स्पष्ट मत सांगतो. तुम्ही वेचलेले पोते वाया गेले असे म्हणणार नाही, पण नदीच्या पात्रात वेचणे म्हणजे नळ सुरू ठेवून फरशी पुसणे होय. तीच मेहनत आपल्या वस्तीतल्या नालीच्या जाळीपाशी करा, कारण नदीतले प्लास्टिक तिथूनच निघालेले असते. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे बांधकामाच्या वाळूचा आणि गिट्टीचा ढीग. आपल्या गल्लीत रस्त्याच्या कडेला असा ढीग असेल, तर मिरग लागण्याआधी त्याला कडेने विटा लावून वर ताडपत्री टाकायला संबंधित घरमालकाला हात जोडून सांगा. पहिल्या जोरदार सरीत तो अर्धा ढीग नालीत जातो, नालीतून नदीत जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात पोकलेन लावून तोच गाळ म्हणून उपसावा लागतो.

उत्तर २: नदीकाठची रहिवासी

काकांनी शेवटी गाळाचा उल्लेख केला म्हणून लिहावेसे वाटले. मी अंबाझरीच्या खालच्या बाजूला, नदीला अगदी लागून असलेल्या एका लेआउटमध्ये तळमजल्यावर राहते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि आम्ही झोपेतून उठलो तेव्हा पलंगाच्या पायांना पाणी लागलेले होते. वडिलांना अर्धांगवायू झालेला असल्याने त्यांना शेजारच्या दोघा मुलांनी खुर्चीसकट उचलून वरच्या मजल्यावर नेले. आमच्या भागापासून थेट सीताबर्डीच्या मोरभवन बसस्थानकापर्यंत पाणी पसरले होते. पंचशील चौकातला पूलही त्याच पुरात खचला. तुम्ही मुलांना घेऊन जिथे पोहोचलात, तीच ती जागा.

पाणी दुपारपर्यंत उतरले. घरात वीतभर चिखल राहिला आणि तो काढायला आम्हाला नऊ दिवस लागले. त्या चिखलात काय होते हे मी स्वतःच्या हातांनी पाहिले आहे: रेती, विटांचे तुकडे, सिमेंटचे खडे, थर्मोकोल, प्लास्टिक. शेतातली माती त्यात फारच थोडी होती. तेव्हापासून नदीतला गाळ कुठून येतो, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही.

दरवर्षी उन्हाळ्यात पात्राची साफसफाई होते, यंत्रे येतात, कामही दिसते. परंतु एका वर्षी आमच्या मागे उपसलेला गाळ काठावरच ढीग करून ठेवला होता. मी आणि शेजाऱ्यांनी तीन वेळा तो उचलण्याची विनंती केली; आज उचलतो, उद्या उचलतो असे उत्तर मिळत राहिले आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यातल्या एका रात्रीच्या पावसाने तो सगळा ढीग पुन्हा पात्रात गेला. उपसणे आणि वाहून नेणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, आणि दुसरे झाले नाही तर पहिल्याचा खर्च आणि श्रम दोन्ही पाण्यात जातात. म्हणून ताई, तुमच्या वहीत एक रकाना गाळाच्या ढिगांसाठी ठेवा: कोणत्या रविवारी कुठे ढीग दिसला आणि पुढच्या रविवारी तो उचलला होता का.

आणखी एक मोजमाप सुचवते. आम्ही घरी एक लांब दोरी केली आहे, तिला दर फुटाला गाठ आणि टोकाला वजन बांधले आहे. पुलाच्या कठड्यावरून, ठरलेल्या खुणेपाशी, ही दोरी तळाला टेकेपर्यंत सोडायची आणि किती गाठी गेल्या ते लिहायचे. मे महिन्यात सफाईच्या आधी एकदा, सफाईनंतर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा. पात्र किती भरले हे त्यावरून कोणालाही समजते, त्यासाठी तांत्रिक शिक्षण लागत नाही.

पावसाळ्यात मात्र मुलांना काठावर अजिबात नेऊ नका, ही कळकळीची विनंती. अंबाझरीचा ओव्हरफ्लो पाहायला गर्दी होते आणि सुरुवातीला ते पाणी गुडघाभर व संथ वाटते. ते वाढायला किती कमी वेळ लागतो, हे आम्ही अनुभवले आहे. मुलांना शिकवायचेच असेल, तर पूररेषा शिकवा. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांमधली जागा ही पाण्याची आहे, तिथे बांधकाम नको. निळ्या आणि लाल रेषेमधल्या जागेवर निर्बंध आहेत. घर घेताना आमच्या वडिलांना हे कोणी सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. तुमची मुले मोठी होऊन घर घेतील तेव्हा विचारतील, एवढे झाले तरी पुष्कळ आहे.

उत्तर ३: महाल भागातील एक वाचक

एक दुरुस्ती सुचवतो, राग मानू नये. नाग नदी अंबाझरीच्या सांडव्यापाशी सुरू होते असे मुलांना सांगितलेत, पण तिचा उगम त्याही पश्चिमेला, वाडीच्या पलीकडे लावा गावाजवळच्या टेकड्यांत आहे. तिकडून येणारे पाणी अडवून १८७० च्या सुमारास अंबाझरी तलाव झाला. त्यामुळे तलावाच्या वरच्या अंगाला जे काही नाल्यात सोडले जाते ते आधी तलावात येते आणि मग शहरात. तलावावर दरवर्षी जलपर्णी का माजते, याचे उत्तरही तिथेच शोधायला हवे.

गोंड राजा बख्त बुलंद शाहाने १७०२ च्या सुमारास लहान गावे एकत्र करून हे नगर वसवले, तेव्हा त्याच्यासमोर जी नदी होती ती पिण्याच्या पाण्याची होती. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानाच्या काळातला जुम्मा तलाव म्हणजेच शुक्रवारी तलाव, आजचा गांधीसागर. तुमच्या पुढच्या एखाद्या रविवारी मुलांना गांधीसागराच्या काठी आणावे. तिथे सपाट वाट आहे, वयस्कांना बसायला जागा आहे, आणि नदी, तलाव व जुने शहर यांचे नाते पायांखालीच समजते. माझी आजी नाग नदीवर कपडे धुवायला जात असे. मी स्वतः पात्रात उतरल्याचे मला आठवते, पाणी घोट्याइतके होते आणि तळाची वाळू दिसत होती.

उत्तर ४: शेतकरी, भरतवाडा

ताई, तुम्ही पंचशील चौकापर्यंत आलात. तिथून पुढे अशोक चौक, ग्रेट नाग रोड, नंदनवन, पारडी आणि मग आमचा भाग. नदीची शहरातली लांबी साधारण १७ किलोमीटर आहे आणि लोकांचे फिरणे, बोलणे, छायाचित्रे काढणे पहिल्या चार-पाच किलोमीटरांतच संपते. वरच्या वस्त्यांनी टाकलेले सगळे आमच्याकडे येते.

आमचे वावर नदीला लागून आहे. पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर) ही पिके माझ्या वडिलांनी याच पाण्यावर काढली, कारण उन्हाळ्यात दुसरे पाणी नव्हते आणि विहीर आटत असे. नदीच्या पाण्यात खत आहे असे जुने लोक म्हणायचे. आता पाण्यात उतरले की पायांना खाज सुटते, मोटारीचा फुटव्हॉल्व्ह प्लास्टिकने बंद होतो आणि ती भाजी आमच्या घरी आम्ही शिजवत नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, परंतु ती भाजी बाजारात जाते हे सत्य आहे. मी मागील चार वर्षांपासून भाजी बंद करून त्या वावरात केवळ गुरांचा चारा घेतो. सगळ्यांना ते परवडणारे नाही.

भरतवाडा-पुनापूर ओलांडल्यावर गोरेवाड्याकडून आलेली पिवळी नदी नाग नदीला मिळते. पुढे हे पाणी कन्हानला जाते, कन्हान वैनगंगेला मिळते आणि ते सगळे गोसीखुर्द धरणात साठते. तुमच्या नळाला येणारे पाणी पेंचचे आणि कन्हानचे आहे. वापरून झाल्यावर आपण ते नाग नदीच्या वाटेने पुन्हा कन्हानलाच देतो, आणि भंडारा जिल्ह्यातली माणसे त्याच्या काठी राहतात. मुलांना नकाशावर हा रस्ता दाखवाल, तर त्यांना आपल्या घरातली मोरी कुठे उघडते ते कळेल.

संगमापर्यंत सलग पायवाट नाही. पारडीपासून बैलबंडीच्या वाटेने काही अंतर जाता येते. बेशरमाची झुडपे फार वाढली आहेत, त्यामुळे पूर्ण बाह्या आणि बूट हवेत. यायचे असेल तर मला इथे कळवा, मी सोबत चालेन.

उत्तर ५: पर्यावरण अभियांत्रिकीची विद्यार्थिनी

भरतवाड्याच्या भाऊंनी लिहिलेले वाचून मी दोन वेळा थांबले. माझ्याकडून थोडी भर घालते.

मुलांना पाण्याची प्रतवारी आकड्यांत समजावी असे वाटत असेल, तर आंघोळीसाठी योग्य मानल्या जाणाऱ्या नदीच्या पाण्याचा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष सांगा: एक लिटर पाण्यात विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम आणि जैविक ऑक्सिजन मागणी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम. पहिला आकडा माशांना श्वास घेता येईल का ते सांगतो. दुसरा सांगतो की पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू त्यातला किती प्राणवायू खाऊन टाकतील. घरगुती सांडपाण्यात हा दुसरा आकडा शंभराच्या पुढे सहज जातो.

अभियंता काकांनी स्वच्छ धारेचा उल्लेख केला, त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. खेडेगावांत पिण्याच्या पाण्यातले क्लोरीन तपासायला जी ओ.टी. चाचणी करतात, तीच. नमुन्यात त्या द्रावणाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे ते नळाचे पाणी गळत आहे. रंग आला नाही म्हणून ते नळाचे नाही असे मात्र ठरवू नये, कारण घाणीत मिसळले की क्लोरीन लगेच संपते. नमुना घेताना हातमोजे घालावेत आणि मुलांना पाण्याला हात लावू देऊ नये.

पक्ष्यांकडेही लक्ष द्यावे. उंच गुलाबी पायांचे शेकाटे नाग नदीच्या काळ्या पाण्यात मोठ्या संख्येने दिसतात आणि पाहणाऱ्याला वाटते की नदी सुधारली. शेकाट्याला चिखलातल्या अळ्या हव्या असतात, त्या घाण पाण्यातही मुबलक मिळतात. खंड्याला मात्र मासा लागतो आणि मासा दिसण्याइतके स्वच्छ पाणी लागते. एखाद्या टप्प्यात खंड्या पाण्यात सूर मारताना दिसला, तर ती जागा वहीत ठळक लिहून ठेवा.

शिक्षिका, प्रतापनगर

सर्वांचे मनापासून आभार. आजोबा, दुरुस्ती मान्य आहे. मुलांना पुढच्या भेटीत मी माझी चूक म्हणूनच सांगेन. भाऊ, पारडीपासून पुढे आम्ही दिवाळीनंतर नक्की येऊ. त्या वेळी तुमच्या घरच्यांशीही मुलांना बोलता आले तर बरे होईल.

मधल्या दोन रविवारी आम्ही काकांनी सांगितल्याप्रमाणे दोन पुलांमधला एकच टप्पा धरला. त्यात आम्हाला अकरा मुखे सापडली. पाच पूर्ण कोरडी होती, दोन ठिबकत होती, चार वाहत होती. त्या चारपैकी तिघांचा प्रवाह साडेआठला पहाटेपेक्षा स्पष्टपणे वाढलेला होता आणि तो फरक मुलांनी आधी ओळखला. चौथ्या मुखातली धार स्वच्छ होती, ओ.टी. चाचणीत फिकट पिवळा रंग आला. गाठींची दोरी आम्हीही केली आहे. गाळाचे दोन ढीग नोंदवले, त्यातला एक दुसऱ्या रविवारी उचललेला होता, दुसरा तसाच होता.

आता माझ्यासमोरचा प्रश्न वेगळा आहे. ही वही घेऊन जायचे कुठे आणि मांडायचे कसे? नाग नदीच्या प्रदूषण निवारणाचा १,९०० कोटींहून अधिक खर्चाचा प्रकल्प राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली मंजूर आहे आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, हे मला माहीत आहे. एवढे मोठे काम होणार असताना आमच्या अकरा मुखांच्या यादीला काही किंमत आहे का, असे आमच्यातल्या एका गृहस्थांनी विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.

निवृत्त अभियंता, नरेंद्रनगर

ताई, किंमत आहे आणि ती का आहे ते सांगतो. भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध झालेले सांडपाणी आज कोराडी आणि खापरखेडा येथील वीजकेंद्रांना दिले जाते, म्हणजे तेवढे धरणाचे पाणी पिण्यासाठी वाचते. परंतु केंद्राची क्षमता कितीही वाढवली, तरी ते फक्त वाहिनीतून पोहोचलेले पाणीच शुद्ध करू शकते. जे पाणी वाटेतच नदीत उतरले, ते कोणत्याही केंद्राला सापडत नाही. तुमच्या यादीतली सकाळी प्रवाह वाढणारी तीन मुखे म्हणजे वाटेत उतरणाऱ्या सांडपाण्याच्या तीन जागा. मोठ्या प्रकल्पालाही शेवटी अशाच जागा एकेक करून बंद कराव्या लागतात, आणि बंद केलेली जागा पुन्हा उघडली की नाही हे दरवर्षी कोणी तरी जाऊन पाहावे लागते.

यादी तुमच्या झोनच्या कार्यालयात लेखी द्या. चारही मुखांचे चार स्वतंत्र अर्ज करा, एकत्र निवेदन देऊ नका. निवेदनाला उत्तरही एकत्र आणि मोघम मिळते. एका जागेच्या अर्जावर एका कर्मचाऱ्याला जाऊन पाहता येते. प्रत्येक अर्जात जागेची खूण, दोन वेळांची छायाचित्रे, तारीख आणि वेळ असू द्या आणि प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. स्वच्छ धारेचा अर्ज पाणीपुरवठा विभागाकडे जाईल, तो वेगळा ठेवा. उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या शुल्कासह त्या आवक क्रमांकावर कोणती कार्यवाही झाली एवढेच विचारा. उत्तरासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे. अर्जात आरोप नकोत, केवळ पाहिलेले लिहा. या खात्यांत मनापासून काम करणारी माणसे आहेत आणि नेमकी जागा दाखवणाऱ्या नागरिकाचे त्यांना साहाय्यच होते, हे मी अनुभवाने सांगतो.

काठावर झाडे लावण्याचा विचार कोणी मांडला, तर घाईने गुलमोहर लावू नका. करंज, उंबर आणि अर्जुन ही आपल्याकडच्या ओढ्याकाठची झाडे आहेत, त्यांची मुळे काठ धरून ठेवतात. खड्डे मेमध्ये करून ठेवा, रोपे पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर लावा.

शिक्षिका, प्रतापनगर

काका, चारही अर्ज सोमवारी दिले, शिक्के घेतले. पाणीपुरवठ्याचे कर्मचारी गुरुवारी येऊन वाहिनी उघडून गेले आणि आज सकाळी ते चौथे मुख कोरडे होते. उरलेल्या तीन मुखांपैकी एकाच्या वरच्या बाजूचे चेंबर साफ झाले आहे, पण प्रवाह अजून थांबलेला नाही. त्या गल्लीतल्या घरांपैकी कोणाचा पाइप पावसाळी नालीला जोडलेला आहे का, हे तपासायला स्वतः तिथल्याच दोन रहिवाशांनी पुढाकार घेतला आहे. उरलेल्या दोन अर्जांवर अजून कोणी आलेले नाही.

पुढच्या रविवारी पहाटे पावणेसहाला आम्ही त्याच पुलावर असू. नदीकाठच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे सफाईनंतरच्या गाठी मोजायच्या आहेत. ज्यांना यायचे आहे त्यांनी बंद बूट घालावेत, पाण्याची बाटली घरून भरून आणावी आणि सोबत एक वही ठेवावी.